पाच वॉट, एक तार आणि समोर अरबी समुद्र

नमस्कार मंडळी. हातातला हा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा पाठवणारा-ऐकणारा सेट, जास्तीत जास्त पाच वॉट सोडतो. घरातला छोटा एलईडी दिवा घेतो तेवढेच. एवढ्या पॉवरवर गोव्याच्या किनाऱ्यावरून युरोपातल्या स्टेशनशी बोलता येतं. आज तेच करायचंय: काय बांधायचं, कुठे उभं करायचं आणि कुठे चुकतं.

परवान्याचं एका वाक्यात सांगतो. एएसओसी, म्हणजे हौशी रेडिओचालकाची परीक्षा, आणि हॅम परवाना हातात नसेल तर ऐका भरपूर, पण बटण दाबू नका. परवाना असेल तर ठिकाण बदलण्याविषयीच्या त्यातल्या अटी स्वतः वाचा आणि प्रत पिशवीत ठेवा. किनाऱ्यावर काठी, तार आणि हेडफोन बघून कुणी ना कुणी येऊन विचारतंच.

आता मुद्द्याचा हिशेब. नेहमीच्या शंभर वॉटवरून पाच वॉटवर आलो की तेरा डेसिबल गेले. एस-मीटर म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणारा रेडिओवरचा काटा, त्यावरचा एक एस म्हणजे सहा डेसिबल. म्हणजे समोरच्याकडे तुमचा काटा दोन एसपेक्षा जरासा जास्त खाली येतो, बस. ज्याला तुम्ही एस-नऊ ऐकू गेला असता, त्याला एस-सात ऐकू जाल. संवाद व्यवस्थित होतो.

मग क्यूआरपीवाले, म्हणजे एवढ्या कमी पॉवरवर बोलणारे, निराश होऊन घरी का जातात? कारण ते पाच वॉट तारेपर्यंत पोचतच नाहीत. ही बारीक काळी केबल बघा, आरजी-१७४. वजनाला हलकी म्हणून सगळे हीच उचलतात. वीस मीटर बँडवर (बँडची ही नावं वेव्हलेंग्थवरून, म्हणजे लहरीच्या लांबीवरून) हिची दहा मीटर लांबी सव्वा डेसिबलच्या आसपास खाते. पाचाचे झाले पावणेचार वॉट. तेवढ्याच लांबीची आरजी-५८ अर्धा डेसिबल खाते. त्यात ट्रान्सफॉर्मर चुकीच्या कोअरवर गुंडाळलेला असेल आणि प्लगला हिरवा गंज असेल, तर हवेत जातं ते दीड-दोन वॉट. शंभर वॉटवाल्याला ही गळती जाणवत नाही. आपल्याला तिच्यामुळेच उत्तर मिळत नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: पैसे आणि वेळ रेडिओवर कमी, तारेवर जास्त.

तार कोणती? सुरुवातीला एका टोकाला फीड होणारी अर्ध्या वेव्हलेंग्थची, म्हणजे एंड-फेड. चाळीस मीटरसाठी कापली की वीस, पंधरा आणि दहा मीटरलाही चालते. तिच्या टोकाला रोध अडीच हजार ओहमच्या घरात असतो आणि रेडिओला हवेत पन्नास. हा फरक मिटवतो तो ट्रान्सफॉर्मर.

[कोअर कॅमेऱ्याजवळ धरून]

ही राखाडी-काळी रिंग, फेराइट कोअर, एफटी १४०-४३. नंबर नीट वाचून घ्या. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून पिवळी-पांढरी रिंग निघते ना, ती लोखंडाच्या भुकटीची असते. ती इथे चालत नाही, नुसती तापते. तार बावीस गेजची इनॅमल तांब्याची, पाऊण मिलिमीटरच्या आतली. म्हापशात, मडगावात मोटार वाइंडिंग करणाऱ्याकडे वजनावर मिळते.

एकूण वेढे चौदा. पहिले दोन वेढे प्रायमरी. वेढा मोजायचा तो तार रिंगच्या आतून किती वेळा गेली त्यावरून, बाहेरून नाही. इथे हटकून एक वेढा कमी-जास्त होतो. दोनाला चौदा म्हणजे एकास सात, आणि रोधाचं प्रमाण त्याचा वर्ग, एकास एकोणपन्नास. पन्नास गुणिले एकोणपन्नास, दोन हजार चारशे पन्नास. जमलं.

प्रायमरीच्या दोन टोकांमध्ये शंभर पिकोफॅरडचा, एक किलोव्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर. तो नसेल तर चाळीस मीटर ठीक चालतं, पण पंधरा आणि दहाला एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप, चढतो.

आता हे टोक बघा. सोल्डर चकचकीत बसलेलं दिसतंय. पण नखाने ढकललं की तार आतल्या आत फिरते. इनॅमल खरवडलंच नव्हतं. साध्या सोल्डरिंग गनने हे कोटिंग जळेलच असं नाही. पॉलिश पेपरने चहूबाजूंनी घासा, तांबं गुलाबी दिसेपर्यंत, मगच सोल्डर. मैदानात 'काल चालत होतं, आज नाही' असं होतं, त्यात हा दोष सर्रास निघतो.

तपासणी घरीच. आउटपुटला २.२ किलोओहम आणि २२० ओहम असे दोन रेझिस्टर एकामागे एक जोडा, दुसऱ्या बाजूला नॅनो-व्हीएनए, एसडब्ल्यूआर मोजणारं छोटं यंत्र. सात मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर दीडच्या आत यायला हवा. दोन-अडीच दाखवत असेल तर वेढे पुन्हा मोजा. वायरवुंड रेझिस्टर मात्र लावू नका, तो स्वतःच कॉइल असतो.

तार कापताना वीस मीटर साठ सेंटिमीटर घ्या. मुद्दाम जास्त. उभी करून बघा, एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी कुठे येतो. समजा ६.९५ मेगाहर्ट्झला आला आणि तुम्हाला हवाय ७.१ ला. जुनी लांबी गुणिले ६.९५ भागिले ७.१. उत्तर वीस मीटर सोळा-सतरा सेंटिमीटर. कमी करायचे साधारण चव्वेचाळीस सेंटिमीटर. लगेच कात्री चालवू नका. तेवढी तार मागे दुमडून स्वतःभोवतीच पीळ द्या, पुन्हा मोजा, समाधान झालं की मग कापा. आणि हे माप घराच्या गच्चीवर घेऊ नका. पत्रे आणि गजांमुळे ते चुकतं.

केबलवर एक चोकही हवा. एफटी १४०-४३ च्याच दुसऱ्या रिंगवर आरजी-१७४ चे दहा वेढे, ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटरवर. हा एवढा तुकडा आरजी-१७४ चा चालतो. ट्रान्सफॉर्मर आणि चोकमधल्या दोन मीटर केबलचं कवच अँटेनाचा काउंटरपॉइज, म्हणजे तारेची दुसरी बाजू, होतं. चोक नसेल तर पॉवर केबलवरून रेडिओपर्यंत परत येते, मोर्स की धरलेल्या बोटाला चटका बसतो आणि आवाज फाटतो.

चटक्यावरून आठवलं. पाच वॉटला या तारेच्या टोकावर एकशे दहा व्होल्टच्या आसपास आरएफ, म्हणजे रेडिओ लहरीचं व्होल्टेज, असतं. दोन्ही टोकं माणसांच्या हाताला लागणार नाहीत अशी बांधा. किनाऱ्यावर मुलं धावत असतात. विजेच्या तारेच्या जवळपास तर अँटेना फेकायचीच नाही. काठी आडवी पडली तरी वीजवाहिनीला लागणार नाही, एवढं अंतर हवं.

काठी म्हणजे फायबरग्लासची टेलिस्कोपिक, सहा-सात मीटरची. मासेमारीच्या दुकानात मिळते, पण तिथल्या चांगल्या काठ्या बहुतेक कार्बनच्या असतात. कार्बनमधून करंट वाहतो, तार तिच्याभोवती लावली की सगळं ट्यूनिंग बिघडतं. संशय असेल तर बुडाची कड पॉलिश पेपरने घासून मल्टीमीटर लावा. ओढून बांधायला सुंभ नको, तो भिजला की तार त्याला बांधल्याजागी गळती होते. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, उत्तम. माड मात्र टाळा, नारळ डोक्यात पडायला वेळ काळ लागत नाही.

सुकूर किंवा वेर्ण्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, गेलात तर खुंटी आत जाणारच नाही, खाली सलग जांभा आहे. तिथे दोरी चिऱ्याला बांधा. किनाऱ्यावर उलटं, खुंटी जाते पण धरत नाही. कापडी पिशवीत वाळू भरा, तिला तंगूस बांधा आणि हातभर खोल पुरा.

आता किनाऱ्याबद्दल. इथे थोडा थांबतो, कारण गोव्यातल्या क्यूआरपीवाल्याचा खरा अँप्लिफायर हाच आहे. खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता साध्या जमिनीच्या सुमारे हजार पट. उभ्या अँटेनाची क्षितिजालगत जाणारी लहर कोरड्या जमिनीवर मरते, समुद्रावर मरत नाही. लांबचं स्टेशन गाठायला नेमकी तीच लहर लागते. आणि इथून युरोप वायव्येला. किनाऱ्यावर उभं राहिलात की तो रस्ता सरळ पाण्यावरून जातो. फक्त उत्तरेकडे डोंगराचं टोक अगदी जवळ नसेल अशी जागा निवडा.

म्हणून किनाऱ्यावर एंड-फेड नको, वीस मीटरची उभी क्वार्टर-वेव्ह, म्हणजे पाव वेव्हलेंग्थची तार, लावा. काठीवर सरळ वर पाच मीटर दहा सेंटिमीटर तार, ट्यून करून पाचच्या आसपास येईल. फीडपॉइंट, म्हणजे केबल तारेला जोडते ती जागा, जमिनीपासून मीटरभर वर. केबलच्या कवचाला पाच-पाच मीटरच्या तारांचे दोन रेडियल, एकमेकांच्या विरुद्ध दिशेला, जरा खाली उतरते. ट्रान्सफॉर्मर लागत नाही. चोक मात्र फीडपॉइंटलाच. पाण्यापासून पाच ते दहा मीटरवर उभं करा, पन्नास मीटर मागे गेलात तर फायदा बराचसा गेला. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. सपाट किनाऱ्यावर भरतीचं पाणी बघता बघता बॅटरीपर्यंत येतं.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंतच्या त्या हंगामात तिथे काहीही पुरू नका, रात्री दिवे लावू नका. सरळ दुसरा किनारा धरा. नौदलाचा तळ आणि विमानतळाच्या आसपासही नको. किल्ल्यांवर आधी परवानगी.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, चार सेलची, सहा अँपिअर-तासाची. रेडिओ ऐकताना अर्धा अँपिअर आणि बोलताना दोन अँपिअर घेत असेल, तर चार तासांत अडीच-तीन अँपिअर-तास जातात. भरपूर शिल्लक राहते. पण पूर्ण चार्ज होताना ती १४.६ व्होल्टला जाते. बीएस-१७० ट्रान्झिस्टरवाले छोटे सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचे, किट बारा व्होल्टसाठी जुळवलेले असतात, थेट जोडलं की फायनल, म्हणजे पॉवर देणारे शेवटचे ट्रान्झिस्टर, जळू शकतात. मालिकेत दोन १एन५४०८ डायोड टाका, साधारण दीड व्होल्ट कमी होतात. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकालगत पाच अँपिअरचा फ्यूज, तडजोड नाही. हैदराबादच्या अशहर फरहान यांचा यूबिटेक्स हा रेडिओ वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या, त्याची पॉवर चाळीस मीटरला दहा वॉटच्या आसपास आणि वरच्या बँडवर बरीच कमी असते. त्याचे आयआरएफ-५१० ट्रान्झिस्टर खराब एसडब्ल्यूआर सहन करत नाहीत.

कुठला बँड कधी? पुणे, मुंबई, बंगळुरूसाठी चाळीस मीटर, सकाळी नऊ-दहापर्यंत आणि मग चारनंतर. भर दुपारी तो बँड आयनोस्फिअरच्या खालच्या थरात शोषला जातो. आणि तार पाच-सहा मीटर उंचीवर असली तरी पुरे. लहर सरळ वर जाऊन तीनशे-पाचशे किलोमीटरच्या टापूत उतरते. वीस मीटरवर पुणं ऐकू आलं नाही तर रेडिओ बिघडलेला नाही, लहर पुण्याच्या डोक्यावरून गेली. वीस मीटर दुपारी तीननंतर, युरोपसाठी.

सीक्यू, म्हणजे 'कुणी ऐकतंय का' अशी सगळ्यांना हाक, देत बसू नका. सीडब्ल्यूला १४.०६० आणि ७.०३० मेगाहर्ट्झ या क्यूआरपीच्या जागा आहेत, तिथे द्या हवं तर. एरवी फिरा, ऐका, आणि एस-आठ, एस-नऊ येणाऱ्या स्टेशनलाच हाक मारा. तो शंभर वॉटवर एस-नऊ येतोय म्हणजे तुम्ही त्याला साधारण एस-सात जाल. तो एस-तीन असेल तर तुम्ही त्याच्याकडच्या खरखरीखाली गाडले जाल, सोडून द्या. गर्दी असेल तर सगळ्यांचं ओरडून होऊ द्या, एक सेकंद थांबा, मग फक्त कॉलसाइन (तुमचं रेडिओवरचं नाव), फोनेटिकमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द वापरून, एकदाच. मोर्स येत असेल तर तीच वापरा. पाचशे हर्ट्झच्या फिल्टरमधून येणारी खरखर एसएसबीच्या, म्हणजे बोलण्याच्या सिग्नलच्या, पाचव्या हिश्शाएवढीच असते.

लॉगमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत, लिहा. आपले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे बारा. आणि ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या तुमच्या चौकटीचा क्रमांक, बघून लिहा, कारण चौऱ्याहत्तरावं रेखावृत्त गोव्याच्या मधूनच जातं. पणजी, म्हापसा, मडगाव एमके-६५ मध्ये, वाळपई एमके-७५ मध्ये, आणि काणकोणच्या टोकाला पोळेला गेलात की एमके-७४.

हेडफोनमध्ये चाळीस मीटरवर तडतड वाढायला लागली की आकाशाकडे बघा. मे, जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर, दुपारनंतर सह्याद्रीवर ढग जमतात. उघड्या सड्यावर सगळ्यात उंच तुमचीच काठी असते. पहिल्या गडगडाटाआधी केबल काढा आणि गाडीत बसा.

घरी आल्यावर दमून पिशवी कोपऱ्यात टाकू नका. काठी पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, वाळूचा एक कण सांध्यात राहिला तर पुढच्या वेळी ती मिटत नाही. तारा ओल्या फडक्याने पुसा. प्लगवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि मधल्या पिनेकडे टॉर्च धरून बघा. हिरवी झाक दिसली तर तो प्लग कापून नवा लावा, त्याच संध्याकाळी.