न ठिबकणारी गळती

[पहाट. जलाशयावर धुकं. पत्र्याची शेड, दारात जीप.]

भोरहून महाडकडे निघालं की निरा-देवघरच्या पाण्याच्या कडेनं रस्ता वरंध घाटाकडे सरकतो. घाट लागायच्या अलीकडे ही शेड. दारात उभी आहे ती महिंद्राची एमएम ५४०. डिझेल, फोर-व्हील ड्राइव्ह, तीसेक पावसाळे अंगावर घेतलेली.

[सेल्फचा आवाज. दहा सेकंद निवेदन नाही.]

सेल्फ दणकून फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. मालक चावीकडे बघतोय. मिस्त्री मात्र मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसलेत. आपणही तिथेच बघू या.

धूर नाही. एक रेघसुद्धा नाही.

डिझेल गाडी आपलं दुखणं आधी धुरातून सांगते. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. तेव्हा आधी एअर फिल्टर बघायचा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. सेल्फ मारताना पांढरा आला, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये. मग थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग, कंप्रेशन म्हणजे सिलेंडरमध्ये हवा दाबली जाणं, आणि टायमिंग म्हणजे फवारा पडायची वेळ, हे तपासायचं. आणि इतका सेल्फ मारूनही काहीच येत नसेल, तर डिझेल सिलेंडरपर्यंत गेलेलंच नाही.

[बाराव्या सेकंदाला पांढरा झोत. इंजिन अडखळत सुरू.]

एकदा सुरू झाली की गाडी नीट वाटते. पण घाटाच्या चढाला दम तोडते, आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी पुन्हा तेच. दोन महिन्यांत बॅटरी नवी झाली, सेल्फ दुरुस्त झाला, डिझेल दाबानं सिलेंडरकडे पाठवणारा एफआय पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे माप जुळवायला, जाऊन आला, डिझेलचा फवारा मारणारे नोझल बदलले. तेवढे दिवस वाडीवरचं दूध डोक्यावरून खाली आलं.

[बॉनेट उघडतं. इंजिनवरून कॅमेरा सावकाश फिरतो.]

हे इंजिन नीट बघून घ्या. १९४७ साली महिंद्रानं मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा त्या पेट्रोलवर चालत. पुढे १९७९ साली फ्रान्सच्या प्युजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना मिळाला आणि ते इंजिन इगतपुरीला, म्हणजे थळ घाटाच्या माथ्यावरच, बनू लागलं. त्याचं नाव एक्सडीपी ४.९०. नावातच माप आहे: चार सिलेंडर, ९० मिलिमीटरचा बोर, म्हणजे सिलेंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८३, एकूण २,११२ सीसी. यात ठिणगी नाही, सेन्सर नाही, संगणक नाही. हवा विसाहून जास्त पट दाबली जाते, ती दाबानंच तापते, त्यात डिझेलचा फवारा पडतो आणि तो पेटतो. कंप्रेशन असेल, डिझेल स्वच्छ असेल आणि त्यात हवेचा बुडबुडा नसेल, तर हे इंजिन चालायलाच हवं. म्हणून इथे भाग बदलत सुटायचं नसतं. कुठे काय अडतंय, ते एकेक करून वगळत जायचं.

[मिस्त्री ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवतात. झाकण हलत नाही.]

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उलटं ठेवलंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर खालच्या वाफेनं ते नाचलं असतं. हे गप्प बसलंय.

[पाना नोझलच्या नटवर. इंजिनचा ठेका बदलतो.]

आता एकेका नोझलच्या पाइपचा नट ते जरासा ढिला करतात. जो सिलेंडर काम करत असेल तो लगेच पडतो, ठेका लंगडा होतो. नट आवळला की ठेका परत जागेवर. चारही वेळा तसंच झालं, म्हणजे चारही सिलेंडर आणि नोझल कामाचे आहेत. हा प्रयोग फक्त असल्या जुन्या इंजिनावर करायचा. आजच्या कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या, गाडीत हजार बारच्या वर दाब असतो. तिथे ढिला केलेला नट म्हणजे कातडी चिरणारी धार.

"दादा, आता पंपाला परत हात लावायचा नाही," मिस्त्री सांगतात.

[जवळून: फिल्टरवरचा एअर स्क्रू, भोवती फेस.]

इंजिन बंद करून थोडा वेळ गेलाय. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला केला आणि टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या फीड पंपाचा खटका हातानं मारायला घेतला. बघा काय येतंय. साबणाच्या पाण्यासारखा पांढुरका फेस, चरचर आवाज, मग मोठे बुडबुडे, आणि वीस-पंचवीस खटक्यांनंतर सलग, नितळ डिझेल. स्क्रू आवळला. अर्ध्या सेल्फला गाडी सुरू.

गाडी एअर घेतेय. कुठून, ते शोधायचंय.

[प्लास्टिकचा कॅन बॉनेटशेजारी टांगलेला. पारदर्शक नळी.]

टाकीकडून येणारी पाइप सोडली आणि फीड पंपाला थेट या कॅनमधलं डिझेल दिलं. मधे हातभर पारदर्शक नळी. गाडी तशीच रात्रभर ठेवली. सकाळी पहिल्या चावीला सुरू, नळीत एकही बुडबुडा नाही. म्हणजे फीड पंप, फिल्टर, एफआय पंप सगळे निर्दोष. ज्या पंपावर सगळ्यात जास्त पैसे गेले, तोसुद्धा. दोष राहिला टाकी ते फीड पंप एवढ्या टप्प्यात.

पण या टप्प्यात कुठेही डिझेल ठिबकत नाही. जमिनीवर डाग नाही, पाइप ओली नाही. दोन महिने सगळे फसले ते इथेच. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथलं भोक डिझेल बाहेर टाकतं. फीड पंपाच्या मागे ओढ असते. तिथलं भोक बाहेर काही टाकत नाही, ते हवा आत घेतं. गाडी उभी राहिली की त्याच भोकातून हवा शिरते आणि पाइपमधलं डिझेल सावकाश टाकीत परत उतरतं. चढाला इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, हवाही जास्त येते.

[जीपखालून. पोराच्या अंगठ्याखाली पाइपचं टोक. सायकलचा पंप. साबणाचा फेस.]

पाइप दोन्हीकडून सोडली. एका टोकाला शेडमधल्या पोराचा अंगठा, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप. कंप्रेसर नाही लावायचा. कुजलेली पाइप जोराच्या हवेनं भलतीकडेच फाटते. साबणाचा फेस ब्रशनं लावत लावत मिस्त्री मागे सरकतायत. रबरी होजचे दोन्ही जोड कोरडे. पहिली क्लिप, दुसरी क्लिप काही नाही. तिसऱ्या क्लिपपाशी चेसिसच्या कोपऱ्यात तांबड्या मातीचा वाळलेला गोळा. स्क्रू-ड्रायव्हरनं तो पाडला, क्लिप सोडली, फेस लावला.

[अगदी जवळून. बुडबुडा. निवेदन नाही.]

मोहरीएवढा. मग वाटाण्याएवढा. फुटतो आणि त्याच जागी परत उगवतो. क्लिपमागे चिखल साचला, चिखलानं पाणी धरून ठेवलं आणि पाइप चेसिसकडच्या बाजूनं गंजत गेली. सुईच्या टोकाएवढं भोक.

[नवी पाइप वाकवताना. काचेची बाटली.]

नवी स्टीलची पाइप, होजचे नवे तुकडे, नव्या क्लिपा. टाकीच्या तळाचं डिझेल बाटलीत काढून ठेवलंय. खाली बोटभर पाणी बसलेलं दिसतंय. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या दमट हवेचंही पाणी होतं, आणि ते डिझेलपेक्षा जड असल्यानं तळाला बसतं. टाकी धुतली, फिल्टर बदलला.

[दुसरी पहाट. सेल्फ. बारीक पांढरी फुंकर. इंजिन ठेक्यात.]

[दुधाचे कॅन चढतात. जीप वळणाआड.]

जुनी पाइप मिस्त्रींनी भंगारात टाकली नाही. पुसली, पोराच्या हातात दिली आणि म्हणाले, "भोक कुठंय, आता तू शोध."

[पोर पाइप उजेडाकडे धरून बघतंय.]