बाराशे ग्रॅमचं बाळ आणि दोन मिली चीक

नमस्कार. समोर बहुतेक आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत, म्हणून कमी दिवसांच्या बाळाच्या दुधाबद्दल थेट घरातलंच बोलते. 'सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही' हे तुम्ही गावोगाव ऐकलं असेल. ते खरं नाही. पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या कामी येतो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ 34 आठवड्यांच्या आसपास बसू लागतो. त्याआधीचं बाळ ओठ हलवतं, पण दूध श्वासनलिकेत जायची भीती असते. म्हणून तोंडातून पोटात बारीक नळी घालतात. नळी पाहून घरचे हादरतात. त्यांना समजावा, ही दूध पोचवायची वाट आहे.

आता हिशेब बघा. बाराशे ग्रॅमच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी साधारण 2 मिली दूध देतात. अर्धा चमचासुद्धा नाही! आणि आई रडत असते, "सिस्टर, मला दूधच येत नाही, नुसते थेंब निघतात." अहो बाई, ते थेंबच तर हवेत. एका रात्री अशाच एका आईचा मधासारखा पिवळा, दाट चीक मी सिरिंजमध्ये ओढला आणि बाळाच्या गालाच्या आत लावला. बाळानं हळूच जीभ फिरवली. आई बघतच राहिली. पहाटे तिनं दूध काढायला स्वतःहून वाटी मागितली.

कमी दिवसांच्या बाळाची आतडी फार कोवळी असतात. वरच्या दुधानं ती सुजून जिवावर बेतण्याचा धोका वाढतो, आईच्या दुधानं तो कमी होतो. शिवाय अशा आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनंही जास्त असतात. म्हणून बाळंतीण शुद्धीवर आली, की पहिल्या काही तासांतच हातानं दूध काढायला लावायचं. दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा. आईचं कमी पडलं, तर दूधपेढी, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध जिथं साठवतात ती जागा. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989मध्ये मुंबईत सायनच्या रुग्णालयात ती सुरू केली, आशियातली पहिली. तिथलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात.

मी नोकरीला लागले, तेव्हा आम्ही आईला काचेबाहेर उभं ठेवायचो. आज त्याचं फार वाईट वाटतं. बाळ उघड्या छातीशी धरलं की ऊब मिळते, पान्हाही फुटतो. कोलंबियातल्या बोगोटामध्ये 1978च्या सुमारास डॉक्टरांनी हे सुरू केलं, कारण बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्याच पुरत नव्हत्या.

घरी गेल्यावर बाटली नको, मध नको, गुटी नको. बोंडलं किंवा वाटी-चमचा उकळून घ्या. बाळाचं डोकं थोडं वर धरा, ओठाच्या कडेला दूध लावा, गिळू द्या, मग पुढचं. रडत्या तोंडात ओतायचं नाही. लोहाचे आणि 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर सांगतील तसेच. आणि दोन महिने आधी आलेल्या बाळाची शेजारच्या बाळाशी तुलना करायची नाही. वाढ बघताना ते दोन महिने वजा करायचे.

मागून एका ताईंनी विचारलंय, आई थकली तर सासूबाईंनी छातीशी धरलं तर चालेल का? चालतं. बाळाच्या वडिलांनीही धरावं. अंगावर शर्ट नको, बाळाला टोपी-मोजे आणि लंगोट, वरून शाल.