डाळ शिजेना, तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

होळी तोंडावर आली आहे. हरभऱ्याची डाळ, गूळ, जायफळ घरात येऊन पडलं असेल. तेव्हा पुरणपोळी कशी करायची ते मी सांगत बसणार नाही, ती तुम्हाला येते. मी बोलणार आहे ते हातात बसलेली, वर्षानुवर्षांची कृती एकाएकी दगा देते त्याबद्दल. घर बदललं, गाव बदललं, गॅस जाऊन इंडक्शनची शेगडी आली, चौघांचा स्वयंपाक चाळीस जणांसाठी करायची वेळ आली, की हात तेच, डाळ तीच, आणि पदार्थ मात्र भलताच होऊन बसतो.

अशा वेळी आपण पहिली धाव घेतो ती मसाल्याच्या डब्याकडे. थोडं अजून तिखट, थोडा अजून मसाला. माझं म्हणणं एवढंच आहे की मसाल्याकडे नंतर जा. आधी पाणी बघा आणि आच बघा. पुन्हा सांगते, पाणी आणि आच.

आता मला एक हकिगत सांगायचीच आहे. काचेपलीकडे आमच्या निर्मात्या बाई हसायला लागल्या आहेत, कारण त्यांनी ती ऐकलेली आहे. असू दे.

माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणजे आमच्या भावकीतला पुरणपोळीचा शेवटचा शब्द. पोळी अशी की उचलली तर पलीकडचा हात दिसावा, आणि पुरण मात्र काठापर्यंत. एका वर्षी मामंजींच्या मनात आलं, यंदाची होळी महाबळेश्वरला करायची. ओळखीच्यांचा जुना बंगला मिळाला. सगळं गोकुळ तिकडे गेलं. स्वयंपाकघरात पितळेची मोठमोठी कल्हईची पातेली, दोन शेगड्या, पाटा-वरवंटा, सगळं होतं. कुकर तेवढा नव्हता. घरून आणायचा राहिला असंही नाही, जाऊबाईंनीच तो पिशवीतून काढून ठेवला होता. म्हणाल्या, ''आजेसासूबाईंकडे काय कुकर होता? पातेल्यातल्या डाळीचं पुरण निराळंच लागतं.''

आता हे खरंच आहे, आणि जाता जाता माझंही एक मत सांगून टाकते. कृती सांगताना ''कुकरच्या तीन शिट्ट्या करा'' म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. कुणाच्या कुकरच्या? कुठल्या आचेवर? मोठ्या आचेवर पाच मिनिटांत तीन शिट्ट्या होतात आणि मंद आचेवर पंधरा मिनिटांत एक. शिट्टी हे काही वेळ मोजायचं माप नव्हे. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. असो.

तर डाळ पहाटे भिजत घातलेली, चांगली टपोरी झालेली. नऊच्या सुमाराला पातेलं चढलं. दहा वाजले. जाऊबाईंनी डाळीचा दाणा बोटांत दाबला तर बाहेरून मऊ, मधे कणी. साडेदहा झाले तरी कणी तशीच. पाणी खळखळ उकळतंय, वाफेनं खिडक्या धुरकटल्या आहेत, आणि डाळ ढिम्म. जाऊबाई दुकानदाराला बोल लावू लागल्या, डाळ जुनी दिली म्हणून. बाहेर पोरं ''पोळी कधी, पोळी कधी'' करून भंडावत होती.

तेवढ्यात आमचे नणंदेचे यजमान स्वयंपाकघरात आले. मोठे प्रेमळ गृहस्थ, पण प्रत्येक गोष्टीतलं कळतं असा एक स्वभाव असतो ना, तो. त्यांनी पातेल्यात डोकावून निदान केलं, ''अहो, गूळ उष्ण. गूळ घाला, झटक्यात शिजेल.'' आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत परातीतला चिरलेला गूळ अर्धाअधिक आत! जाऊबाईंचा चेहरा मी इथून तुम्हाला दाखवू शकत नाही, ही रेडिओची मोठीच अडचण आहे.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. डाळ आता शिजायची राहिली ती राहिलीच, उलट चिवट व्हायला लागली. जावईबापू केव्हाच फिरायला निघून गेले होते.

बंगल्याची राखण करणाऱ्यांच्या घरच्या मावशी कोथिंबीर द्यायला आल्या. त्यांनी पळीनं डाळ वर उचलली, पाणी जिभेवर टेकवलं आणि म्हणाल्या, ''गूळ घातलासा व्हय आधीच? मग ती कशी शिजंल? आणि खालच्यावानी हितं डाळ शिजत न्हाई, बाई. हितलं पाणी उकळतंय, पर तापत न्हाई.''

पाणी उकळतंय पण तापत नाही! मला वाटलं मावशींची काही गंमत आहे. गंमत नव्हती.

मग त्यांनी ताबाच घेतला. डाळ चाळणीवर उपसली. ते गोड पाणी टाकू दिलं नाही, वेगळं ठेवलं. पातेल्यात नवं पाणी, उकळी आल्यावर डाळ, वर अगदी चिमूटभर खाण्याचा सोडा. तोंडावर घट्ट बसणारी थाळी, आणि थाळीवर पाण्यानं भरलेलं तपेलं. म्हणजे वाफ पळायची नाही, आणि आतलं पाणी आटलं की वरचं तापलेलंच पाणी ओतायचं, गार नाही. तासाभरात डाळ बोटाखाली लोण्यासारखी चिरडली. गूळ पुन्हा मोजून घातला, थोडा कमीच, कारण डाळीनं आधीचा थोडा पिऊन ठेवला होता. पाट्यावर पुरण वाटलं. जेवायला साडेतीन वाजले, पण पोळ्या झाल्या. जाऊबाईंच्या नेहमीच्या पोळ्या.

आणि ते गोड पाणी? त्याचीच कटाची आमटी. मावशींनी त्यात चिंचेचा घट्ट कोळ, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, गोडा मसाला, मीठ आणि लाल तिखट एरवीपेक्षा जास्त घातलं. मामंजींनी पहिला भुरका मारला आणि विचारलं, ''ही आमटी आहे की पातळ पुरण?'' आणि पाठोपाठ दुसरी वाटी मागितली. त्यांनी तिसरीही घेतली असं जाऊबाई म्हणतात, मी बघितलं नाही.

बरं, आता कारणं थोडक्यात, कारण वेळ निम्म्याहून जास्त गेला आहे.

समुद्रकाठी पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. साधारण 300 मीटर वर गेलं की 1 अंश कमी. महाबळेश्वर आहे जवळजवळ 1,350 मीटरवर, म्हणजे तिथलं पाणी 95-96 अंशालाच उकळायला लागतं. आणि एकदा उकळलं की खाली कितीही जाळ करा, ते त्याहून तापत नाही. मावशी अक्षरशः खरं बोलत होत्या. कुकरमध्ये याच्या उलट होतं, आत दाब वाढतो आणि तापमान 120 अंशांच्या आसपास जातं. मला काही कुकरचं कौतुक नाही, पण डोंगरावर जाताना तो पिशवीतून काढू नये.

दुसरं, गूळ. गुळातली साखर, त्यातलं कॅल्शियम आणि थोडी आंबटाई, ही तिन्ही डाळीचा गर धरून ठेवतात, मऊ होऊ देत नाहीत. चिंच, टोमॅटो, आमसूल यांचंही तेच. म्हणून डाळ पूर्ण शिजू द्या, गूळ नंतर. आमटीतही आधी डाळ, चिंच नंतर. लिहून घेत असाल तर लिहा: गूळ नंतर, चिंच नंतर.

बोअरवेलच्या जड पाण्यातही कॅल्शियम असतं, म्हणून नव्या घरात डाळ शिजत नाही. तिथे शिजवण्यापुरतं क्षार काढणाऱ्या, म्हणजे आरओ फिल्टरचं पिण्याचं पाणी वापरून बघा. सोडा काम करतो, पण त्यानं डाळीतलं ब-1 जीवनसत्त्व जातं आणि जास्त झाला तर साबणासारखी चव येते. अडल्यावेळी चिमूट, रोज नाही.

पुरण सैल झालं तर घाबरू नका. पसरट कढईत घ्या, आच मध्यम, आणि हात थांबवू नका. उलथनं मधोमध उभं राहिलं की उतरवा, गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. तरीही सैलच वाटलं तर चमचाभर डाळ्याचं पीठ. आणि हरभऱ्याची डाळ पोटाला जड जात असेल तर तुरीच्या डाळीचं पुरण करा. गुजराथी लोक वेढमी तुरीचीच करतात. आमच्याकडे ''छे, ती काय पुरणपोळी'' म्हणणारे आहेत. त्यांना न सांगता वाढा.

चाळीस माणसांचं करताना सगळं दहापट करू नका. एक वाटी जुन्या तांदळाला दोन वाट्या पाणी घालत असाल, तर दहा वाट्यांना वीस लागत नाही, कारण मोठ्या पातेल्यातून त्या मानानं वाफ कमी जाते. सोळा-सतरा वाट्यांवर सुरू करा आणि उकळतं पाणी शेजारी ठेवा. फोडणीचं तेल, हिंग, लवंग हेही दहापट नको. मीठ हिशेबाच्या पाऊणपट घाला, उरलेलं चव घेऊन.

आणि आमटी खारट झाली की बटाटा टाकतात. बटाटा मीठ ओढून घेत नाही, तो खारट पाणी पितो, आणि उरलेली आमटी तितकीच खारट राहते. आमटी वाढवा. बिनमिठाची शिजलेली डाळ घाला, नाहीतर गरम पाणी आणि नारळाचं दूध. बटाटा घालायचाच असेल तर खायला घाला, कुणाची ना नाही.

एक राहिलं. आदल्या दिवशी पुरण करून फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर लाटायच्या तासभर आधी बाहेर काढा. गार पुरण कडक असतं, कणीक मऊ असते, आणि पोळी कडेनं फाटते.

वेळ झाली. नमस्कार.