घोड्याचे पाय

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी पुण्याहून पाहुणे आले होते, त्यांना घेऊन आमच्या गोव्यातल्या फर्मागुडीच्या शिवाजी किल्ल्यावर गेलो होतो. तिथे टुरिस्टांची एक बस थांबलेली आणि गाईड पोरगा मोठ्या आवाजात सांगत होता, की बघा, पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असले तर स्वार लढाईत पडला, एकच पाय वर असला तर जखमांनी गेला, आणि चारही खाली टेकलेले असले तर घरी अंथरुणात गेला. सगळे माना डोलावतायत, कोण व्हिडिओ काढतंय. आमच्या पाहुण्यांची धाकटी, सातवीतली, तिने विचारलंच, पण काका, महाराज तर १६८० ला रायगडावर आजारपणात गेले ना, मग गावोगाव ते उधळलेल्या घोड्यावर कसे? गाईड म्हणाला, बाय, बस सुटायची वेळ झाली.

मी चित्रकलेचा मास्तर होतो, त्यामुळे हा पायांचा नियम मीही वर्गात दोनदा तरी सांगितलाय, खोटं कशाला बोलू. असा नियमबियम काही नाही हो. काही पुतळ्यांना योगायोगाने लागू पडतो, बाकीच्यांच्या बाबतीत कोण तपासायला जात नाही. आता वॉशिंग्टनचंच घ्या. तिथे व्हाइट हाऊसच्या समोर लाफायेत स्क्वेअर म्हणून बाग आहे, मधोमध जनरल अँड्र्यू जॅक्सन ब्राँझच्या घोड्यावर, टोपी काढून हातात धरलेली, घोडा मागच्या दोन पायांवर उभा. नियमाप्रमाणे हा लढाईत पडायला हवा होता, पण बाबा १८१५ ची न्यू ऑर्लिन्सची लढाई जिंकला, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, आणि १८४५ ला आपल्या घरी गेला.

मग घोडा दोन पायांवर का? कारण घडवणाऱ्याला ती करामत करून दाखवायची होती, दुसरं काय.

आणि ती करामत साधी नव्हती. ब्राँझचा घोडा चार पायांवर सोडा, तीन पायांवरही उभा राहतो, पण दोनच पायांवर उभा केला की सगळं वजन त्या दोन खुरांच्या वर नीट यायला पाहिजे, थोडं पुढे सरकलं की जनरलसाहेब तोंडावर. पीटर्सबर्गला पीटर बादशहाचा घोडा १७८२ ला असाच उभा केला, तिथे शिल्पकाराने पायाखाली साप घातला, दिसायला तो शत्रू, पण शेपटीला टेकून घोड्याला आधार देतोय. जॅक्सनच्या पुतळ्याला तसला साप नाही, शेपटीचा टेकूही नाही. घोड्याचा मागचा भाग जड ठेवला, पुढचा पोकळ आणि हलका, झालं. करणारा क्लार्क मिल्स हा आधी प्लास्टरचं काम करायचा, शिल्पकला स्वतःच शिकलेला, त्याने त्याआधी घोड्यावरचा पुतळा म्हणून बघितलेला नव्हता म्हणतात. स्वतःची भट्टी उभी केली आणि लढाईत पकडलेल्या तोफा वितळवून त्यातून तो घोडा ओतला. अमेरिकेत ओतलेला हा पहिला ब्राँझचा घोडेस्वार, ८ जानेवारी १८५३ ला उघडला, न्यू ऑर्लिन्सच्या लढाईच्या तारखेला.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. त्या भट्टीवर मिल्सबरोबर एक माणूस होता, फिलिप रीड, काळा, गुलाम. मिल्सने त्याला विकत घेतला होता, कारण पोराला ओतकामाचं डोकं आहे असं दिसलं म्हणून. मिल्स, रीड आणि बाकीचे कामगार, चुकत, शिकत तो घोडा त्यांनी उभा केला. बघा म्हणजे, वर बसलेला जनरल स्वतः गुलाम ठेवणारा, आणि त्याच्या घोड्याच्या भट्टीवर राबणाऱ्यांत एक गुलाम.

ह्याच रीडने पुढे अमेरिकेच्या संसदेच्या घुमटावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं काम केलं. तिचा प्लास्टरचा मोठा नमुना तुकड्यांचा जोडलेला, भट्टीवर न्यायचा तर सुटा करायला पाहिजे, आणि ज्या इटालियन कारागिराने जोडला होता तो अडून बसला, जास्त पैसे दिल्याशिवाय सांगत नाही म्हणाला. रीडने काय केलं, डोक्यावरच्या लोखंडी कडीत दोर घातला, कप्पीने हळूहळू वर ओढलं, आणि ताण आला तशी सांध्याची बारीक फट दिसायला लागली. एक सांधा सापडला की पुढचे सापडतातच. आठवड्याचे सहा दिवसांचे पैसे मालकाला, रीडला फक्त रविवारचे, ३३ रविवार साच्याखालची आग राखली त्याचे ४१ डॉलर २५ सेंट. १८६२ च्या एप्रिलमध्ये तो गुलामीतून सुटला, आणि देवी घुमटावर चढली डिसेंबर १८६३ मध्ये.

आता आपल्याकडे बघा. पणजीत जुन्या सेक्रेटरिएटच्या बाजूला आबे फारियाचा, म्हणजे संमोहनासाठी गाजलेल्या आपल्या गोव्याच्या पाद्रीचा, ब्राँझचा पुतळा आहे, बाईवर हात रोखून संमोहन करतोय तो, टुरिस्ट रोज फोटो काढतात. करणारा कोण विचारा, दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत, १९४५ ला केलाय. मी पोरांना नेऊन मागच्या बाजूने बघायला सांगायचो, समोरून बघितलं की फक्त हावभाव दिसतो, वजन कुठे टेकलंय ते कळत नाही.

तर पुतळा बघायला गेलात की खूर मोजत बसू नका, चौथऱ्याला एक चक्कर मारा, शेपूट बघा, टेकू बघा, कुठे सांधा दिसतो का बघा.

आणि शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या सणात, कधी डिचोली, सत्तरीकडे आलात तर घोडेमोडणीचा नाच बघा. कमरेला लाकडी घोडा बांधलेला, हातात तलवार, ताशावर पावलं पडतायत. त्या घोड्याला पायच नसतात, खाली दिसतात ते नाचणाऱ्याचे, घुंगरू बांधलेले, धुळीने भरलेले. तो गाईड परत भेटला तर विचारणार आहे, हे पाय कुठल्या नियमात बसवायचे ते.