आठवीचा फळा

जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा, सातवीपर्यंत गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत शिकलेली मुले एसटीने किंवा सायकलने शेजारच्या मोठ्या गावातील हायस्कूलमध्ये येऊ लागतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीला प्राथमिक शिक्षणातच धरले असले, तरी हायस्कूल आठवीपासून मोजण्याची जुनी रीत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. ‘गुरुजी’ मागे राहतात आणि ‘सर’ येतात. कोणाचे काय अडते हे ज्यांना वर्षानुवर्षे ठाऊक होते, त्यांच्या जागी दर तासाला नवा चेहरा उभा राहतो.

गणिताच्या तासाला फळ्यावर प्रश्न आहे: एका वहीची किंमत अ रुपये आणि पेनाची ब रुपये असेल, तर तीन वह्या आणि दोन पेनांचे किती? (पुस्तकात ही अक्षरे इंग्रजी असतात.) अनेक वह्यांत उत्तर उमटते: ५अब. हा निष्काळजीपणा नव्हे. पहिलीपासून बेरजेचे चिन्ह म्हणजे ‘मिळवा आणि एकच संख्या लिहा’ अशी आज्ञा होती. त्यामुळे ३अ + २ब हे उत्तर मुलाला अर्धवट सोडलेले वाटते. आपले शिकवणेही कधी कधी या घोटाळ्यात भर घालते. ‘अ म्हणजे आंबे’ असे एकदा सांगितले, की अक्षर हे संख्येऐवजी योजलेले असते ही गोष्ट निसटते आणि मूल त्याला वस्तूच समजू लागते.

अशी समजूत बोलून दाखवल्याशिवाय शिक्षकांना सापडत नाही. पण तेरा-चौदाव्या वर्षी शरीर बदलत असते, आवाज फुटत असतो आणि चारचौघांत हसे होण्याची धास्ती सर्वांत मोठी असते. प्राथमिक शाळेत हात वर करणारी मुलगी इथे फळ्यावरचे उत्तर मुकाट्याने उतरवून घेते. तिला ‘शांत आणि शिस्तीची’ म्हटले जाते, हे मात्र खटकते.

या वर्गातील बाई कोणाचेही नाव न घेता ५अब स्वतःच फळ्यावर लिहितात आणि वही २० रुपयांची, पेन १० रुपयांचे धरायला सांगतात. ३अ + २ब चे ८० रुपये होतात. ५अब चे, म्हणजे ५ × २० × १० चे, १०००. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, “बाई, एवढ्यात तर सायकलचं टायर येईल!” वर्ग हसतो, आणि पुष्कळ वह्यांवर खोडरबर फिरू लागते.