२२.४ कुठे लावायचं आणि कुठे नाही

नमस्कार! आधी एक प्रश्न. १८ ग्रॅम पाणी, तापमान ०° सेल्सियस, दाब १ ॲटमॉस्फिअर. आकारमान किती?

'२२.४ लिटर' असं पटकन तोंडातून गेलं ना? उत्तर आहे १८ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम मोठा चमचाभर.

मोल, म्हणजे रेणू मोजायचं ठरावीक संख्येचं माप, तुम्ही बरोबर काढलात. १८ भागिले रेणुवस्तुमान १८, म्हणजे एक मोल. घसरलात ते पुढच्या पायरीवर. २२.४ लिटर म्हणजे ०° सेल्सियस आणि १ ॲटमॉस्फिअरला एक मोल वायूचं आकारमान. हा आकडा फक्त वायूंचा, आणि शून्य अंशाला पाणी काही वायू नसतं.

आता तेच पाणी १०० अंशाला पूर्ण वाफ होऊ द्या. सुमारे ३० लिटर जागा व्यापेल. रेणू फुगले नाहीत हं! तेवढेच आहेत, तेवढ्याच आकाराचे आहेत, फक्त एकमेकांपासून लांब गेलेत. द्रवात ते खेटून बसतात, म्हणून तिथे कोणाचा आकार किती याला महत्त्व. वायूत बहुतेक जागा रिकामीच असते, मग रेणू लहान की मोठा याने जवळपास काहीच बिघडत नाही. म्हणून शून्य अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला २ ग्रॅम हायड्रोजन घ्या किंवा ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, दोन्ही सुमारे २२.४ लिटरच.

सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच, हे इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोंनी १८११ मध्येच मांडलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला भरलेल्या रसायनतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांचेच देशबांधव कॅनिझारोंनी ते लावून धरलं, तेव्हा ॲव्होगॅड्रो जाऊन चार वर्षं झाली होती.

बरं, गणिताकडे. ५ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटवर भरपूर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं. ०° सेल्सियस आणि १ ॲटमॉस्फिअरला कार्बन डायऑक्साइड किती लिटर? कॅल्शियम कार्बोनेटचं रेणुवस्तुमान १००, म्हणून ५ भागिले १००, ०.०५ मोल. समीकरणात एकाला एक आहे, म्हणजे वायूही ०.०५ मोल. गुणिले २२.४, उत्तर १.१२ लिटर.

पण प्रश्नात '२७° सेल्सियस' लिहिलं असेल तर? मग केल्विन, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवा. ३०० भागिले २७३ ने गुणा, १.२३ लिटर येतं. सेल्सियसमध्येच गुणोत्तर मांडलंत तर २७ भागिले शून्य होईल, आणि तिथेच कळेल काहीतरी गडबड आहे!

पुस्तकात २२.७ दिसलं तर घाबरू नका. १९८२ पासून आयुपॅक (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाण दाब १ बार धरते, त्याचा तो आकडा. प्रश्नात कोणता दाब दिलाय ते बघायचं. आणि ऑक्सिजन वायूचं रेणुवस्तुमान ३२ घ्या, १६ नाही; १६ हे एका अणूचं. याच एका चुकीने उत्तर दुप्पट येतं.

आता माझा आवडता प्रकार, ज्यात मोल काढावाच लागत नाही. १० लिटर प्रोपेन वायू पूर्ण जाळायचा आहे. समीकरणात एका प्रोपेनला पाच ऑक्सिजन, तयार होतात तीन कार्बन डायऑक्साइड आणि चार पाणी. तापमान आणि दाब तेच असतील तर हेच आकडे थेट आकारमानाला लावा: ५० लिटर ऑक्सिजन लागेल, ३० लिटर कार्बन डायऑक्साइड मिळेल.

आणि पाणी? ४० लिटर लिहायच्या आधी थांबा. सगळं परत खोलीच्या तापमानाला आणून मोजताय ना? मग त्यातली बरीचशी वाफ कधीच द्रव होऊन तळाशी बसली असेल.