पाणलाव्याला सागाचा काय उपयोग?

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईच्या आसपास रस्ता, रेल्वे, विमानतळ असं काही उभं राहिलं की भरपाई म्हणून कुठल्यातरी दूरच्या डोंगरावर रोपं लागतात. भराव मात्र पडलेला असतो पाणथळीवर. तिथल्या पाणलाव्याने, त्या लांब चोचीच्या पक्ष्याने, सागाच्या रोपाचं करायचं काय?

जे गेलं तेच परत द्यायचं, तर पनवेल, कर्जत, वसईकडची भातखाचरं कामाला येतात. त्यातही ओहोळालगतची सखल. भातकापणीनंतर पाणी सोडायची वाट बुजवा, धसकटं तशीच राहू द्या आणि ओहोळाचं पाणी आत घ्या. खोली एका कडेला दोन सेंटिमीटर, दुसऱ्या कडेला पंधरा. सगळीकडे सारखं खोल पाणी भरलं की बगळे येतात, पाणलावा येत नाही. त्याला चोच खुपसायला ओला चिखल लागतो. तिलापिया सोडण्याचा मोह टाळा, बेडकांची पिल्लं उरत नाहीत. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं पाणथळीत मोजू नका. निसरड्या उतारावरून आत पडलेला जीव वर येत नाही.

बांधावर तणनाशक नको. उंबर, करंज लावायचे तर उत्तरेच्या बांधावर, कारण हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते. शेजाऱ्याला आधी विचारा. ती त्याच्याच शेतात जाणार आहे!

कांदळवनाची भरपाई गोड्या खाचरात होत नाही. बांध फुटून खारं पाणी शिरलेल्या खारजमिनीत कांदळ आपोआप रुजतं. पण ते कायद्याने तोडता येत नाही, म्हणून शेतकरी धास्तावतो. जमिनीचा मोबदला आधी ठरला, तरच तो भरतीचं पाणी आत येऊ देईल.

पैशांचं सांगतो. पाणी धरलेल्या खाचरात भातानंतरचा वाल होत नाही. हे नुकसान प्रकल्पवाल्याने दरवर्षी भरायला हवं, तेही भराव पडण्याआधीच्या हंगामापासून. खाचरात सेंटिमीटरच्या खुणांची काठी रोवा, दर पंधरवड्याला पाण्याची नोंद ठेवा. हप्ता त्या नोंदीवर द्यावा, पक्ष्यांच्या संख्येवर नव्हे. पाणी धरणं शेतकऱ्याच्या हातात आहे. पक्षी उतरणं नाही.